फुंकण्याआधी सांगायची तारीख

बाईच्या शरीराबद्दल पत्रक लिहिणं अवघड, की दवाखान्यात त्यातलंच एक वाक्य मोठ्यानं बोलणं?

मी पत्रकांवर वाढले. आमच्या चळवळीतल्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. ‘पाळी म्हणजे विटाळ नव्हे’ हे तर मीच लिहिलेलं, महाद्वार रोडवर उभं राहून वाटलेलं.

गेल्या वर्षी दम्याच्या तपासणीला गेले, सोबत आई होती. तिथं एका नळीत सावकाश फुंकायचं असतं. श्वासनलिकेला सूज असली की श्वासातला नायट्रिक ऑक्साइड हा वायू वाढतो, आणि यंत्र तो मोजतं. माझा आकडा मागच्या खेपेपेक्षा बराच वर गेला होता. डॉक्टर पंपाचा डोस वाढवायला निघाले. आधीच्याच डोसमुळे माझा घसा बसायचा. सभेत बोलणारीचा आवाज गेला तर उरतं काय? पाळी दोन दिवसांवर होती, आणि त्या दिवसांत मला नेहमीच धाप लागते. एवढंच सांगायचं होतं. जीभ वळेना.

“सर, मला जरा... अडचण...”

“कसली अडचण?”

आई पुढं सरकली. “आवं डाक्टर, हिची पाळी तोंडावर आली की ही पंपाला चिकटून बसती. एरवी घोड्यागत पळती की! पत्रकं वाटताना बरं तोंड चालतं भवानीचं!”

डॉक्टर हसले, पाळीची तारीख विचारून लिहून घेतली. पाळीच्या हार्मोन्सबरोबर काही जणींचा हा आकडा खालीवर होतो, म्हणाले. दहा दिवसांनी पुन्हा फुंका, मग डोसचं बघू. मग आईकडं वळून म्हणाले, हाच वायू रक्तवाहिन्याही सैल ठेवतो, त्याला इस्ट्रोजेनची मदत असते. पाळी कायमची थांबली की ती मदत आटते, आणि हृदयाला जपावं लागतं.

“मावशी, तुमची थांबली?”

“दोन वरसं झाली. सुटलो बघा!”

“मग बीपी कधी तपासलं?”

“मला काय धाड भरलीया?”

तरी त्यांनी दंडाला पट्टा बांधलाच. बीपी ठीक निघालं. घरी येईपर्यंत आईची ऐट बघण्यासारखी होती.

दहा दिवसांनी माझा आकडा उतरला. डोस तोच राहिला. त्याच आठवड्यात बिंदू चौकात मी अर्धा तास माईकशिवाय बोलले.

तुम्ही अशा तपासणीला जाल तेव्हा कुणी विचारो न विचारो, पाळीची तारीख सांगा. आणि पाळी थांबलेली बाई घरात असेल, तर याच आठवड्यात तिचं बीपी तपासून आणा. ती नको म्हणेल, ऐकू नका.