नाली खालून वर उपसणारे देवाजीभाऊ

फोन आला तेव्हा मी पोटऱ्यांपर्यंत गाळात उभी होते. दोन्ही हात भरलेले, म्हणून आमच्या नाला-सफाईच्या गँगमधल्या सुधाकरने मोबाइल माझ्या कानाला लावला. देवाजीभाऊंची मुलगी त्यांच्या गावाहून, सावलीहून, बोलत होती. "राजक्का, बाबा गेले. सकाळी उठलेच नाई." मी काय बोलले ते आठवत नाही. फावडं मात्र खाली ठेवलं नाही, एवढं आठवतं... अर्धी उपसलेली नाली सोडून आलेलं भाऊंना चाललं नसतं. त्याला आता दोन महिने होत आले. माझी शाळा सातवीत सुटली, लिहायची सवय नाही. पण मुकादम म्हणून त्यांची जागा आज माझ्याकडे आहे, तेव्हा हे मीच लिहायला हवं.

मी गोदावरीकाठच्या सिरोंच्याची, घरात तेलुगू. नवऱ्याच्या मागे चंद्रपुरात आले आणि पावसाळी नाल्या उपसणाऱ्या गँगमध्ये घमेलं उचलायला लागले. गाव नवीन, भाषा नवीन. कुणी जरा मोठ्याने बोललं तरी वाटायचं, आता आपल्याला काढून टाकतात. पहिल्याच दिवशी देवाजीभाऊंनी विचारलं, "बाई, या नालीतलं पाणी कुठी जाते?" मी रस्त्याच्या उताराकडे बोट दाखवलं. त्यांनी पिशवीतून मूठभर धानाचा कोंडा काढला, चेंबरमध्ये टाकला, त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि मला उताराच्या खालच्या चेंबरपाशी बसवलं. कोंडा आलाच नाही. तो निघाला बाजूच्या गल्लीत. "रस्ता कालचा हाये, नाली त्याच्याहून जुनी," भाऊ म्हणाले. सावलीकडचे धानकरी ते. बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी काढताना आधी खालचं तोंड मोकळं करतात, मग वर सरकतात. शहराची नालीही ते तशीच उपसायचे, आणि उपसलेला गाळ काठावर एक दिवसही ठेवू द्यायचे नाहीत. काठावरचा गाळ पहिल्या सरीला परत आत जातो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं...

एका वर्षी मुलीच्या लग्नासाठी ते आठ दिवस गावी गेले आणि गँग माझ्यावर सोपवून गेले. तेवढ्यात कळलं, महापालिकेचे साहेब पाहणीला येणार. मी घाबरले. मोठ्या रस्त्याकडचा वरचा भाग आधी उपसला, तो दिसतो म्हणून. खाली जिथे नाली मोठ्या नाल्याला मिळते, ते तोंड अर्धं बुजलेलंच राहिलं. त्याच आठवड्यात अवकाळी सर आली. मी साफ केलेल्या नालीतून पाणी दणाणत उतरलं, तोंडाशी अडलं आणि तिथल्या सखल वस्तीतल्या घरांत शिरलं. पिठाचे डबे, वह्या, अंथरुणं... भाऊ लग्नाच्या दुसऱ्या दिवशी परतले, शर्टावर हळदीचे डाग तसेच. साहेबांपुढे एवढंच म्हणाले, "गँग माझी, चूक माझी." मग आम्हाला घेऊन घराघरातला गाळ काढायला लागले. तिसऱ्या घरी मी म्हटलं, भाऊ, मी गावी परत जाते.

"काऊन? तिथी गोदावरी काय तुले विचारून येते?"

सुधाकर हसला, रडता रडता मीही हसले. मग भाऊ हळूच म्हणाले, "भिऊन काम केलं तू. साहेबाले दिसते ते आधी केलं. आता दर उन्हाळ्यात नालीचं तोंड तूच उघडशील." तेव्हापासून तोंडाशी पहिलं फावडं माझंच पडत आलं. ते निवृत्त होऊन सावलीला गेल्यावरही अडलं की मी फोन लावायचे, आणि ते तिथूनच चेंबर मोजून सांगायचे, कितव्यात अडलंय.

यंदा फोन कुणाला लावणार? तोंड मोकळं झालं, वरचा भाग मोकळा झाला, पण कोंडा काही खाली पोचेना. मधलं एक चेंबर कुणा कंत्राटदाराच्या नव्या पेव्हर ब्लॉकखाली गाडलं गेलं होतं. नकाशात ते नव्हतं, भाऊंनी मला दाखवलेलं होतं. पाऊस दहा-बारा दिवसांवर. साहेब म्हणाले, "नवा फुटपाथ फोडला आणि खाली काही निघालं नाही तर?"  शब्द भाऊंच्याच मराठीत बाहेर पडले, "तर मले मुकादमीवरून काढा, साहेब. पण वस्तीत पाणी शिरलं, तर बाईनं आधी सांगितलं होतं, हे ध्यानात ठेवा." ब्लॉक उचलले. हातभर खाली लोखंडी झाकण, आणि त्याखाली दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या, फुटक्या फरश्या. तिसऱ्या प्रहरी कोंडा खाली आला. सुधाकर म्हणाला, "राजक्का, आता फक्त भाऊसारखी मिशी ठेव."

त्यांची एक सवय सांगायची राहिली. जोराचा पाऊस लागला की आम्ही आडोसा बघायचो, आणि भाऊ वस्तीतल्या सगळ्यात खालच्या घरी चहाला जायचे. चपला बाहेर काढून तळपाय जमिनीवर टेकवून बसायचे. चहा निमित्ताला. खालून ओल चढते का, ते पायाने बघत. कप संपेपर्यंत जमीन कोरडी राहिली की उठत.

परवा दुपारी तसा पाऊस लागला. मी गेले. घरच्या सकूबाईंनी काही न विचारता दारालगत पाट सरकवला. "देवाजीभाऊ इथीच बसत," म्हणाल्या आणि चहा ठेवला. बाहेर नाली काठाला चार बोटं सोडून धावत होती. मी पाय टेकवले. कप रिकामा झाला, जमीन कोरडीच होती.

"भाऊ एकच कप घेत," सकूबाई म्हणाल्या.

"मले अजून एक द्या," मी म्हटलं. "पाऊस थांबला नाई."