मशीनले रुपाली दिसलीच नाही

"दादा, मशीनमधली बाई मले रोज 'धन्यवाद' म्हणते. मंग मी गैरहजर कशी?"

ऑफिसच्या खिडकीबाहेर रुपाली उभी होती. बी.एस्सी. दुसरं वर्ष. घरी भाजीचा मळा. सकाळी मेथीच्या जुड्या बांधून देते अन् तिवस्यावून एसटीनं अमरावतीले येते. खिडकीच्या आत मी, गजानन, कॉलेजचा कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. स्क्रीनवर तिची हजेरी एकोणीस टक्के. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उद्या. पंच्याहत्तरच्या खाली असलं की फॉर्म उघडतच नाही.

हा नियम याच वर्षी आला. गेटवर चेहरा ओळखणारी मशीन बसली. समोर उभं राहा, बाई 'धन्यवाद' म्हणते, हजेरी लागली. पयले रोल कॉल होता, अन् प्रॉक्सी होती. म्हणजे पोट्टा घरी, 'येस सर' कॉलेजात. मी शिकत होतो तेव्हा चार जणांचं 'येस सर' चार आवाजात मी एकटाच म्हणत होतो. आता प्रॉक्सी बंद करायची मशीन माह्याच हाती दिली. मांजरीले दुधाचा वॉचमन केल्यासारखं झालं.

पोट्टे भडकले होते. कँटीनमदी मले धरत. "गजूभाऊ, हे कॉलेज होय का जेल?" मी त्याईले प्राचार्यांच्या आवाजात उत्तर देई. सर पुण्याकडचे. "हे पहा, यंत्र कुणाचा मामा नसतं!" कँटीन हसे अन् गरम डोकं थंड होये.

रुपाली मात्र तेव्हा हसली नव्हती. "बरंच झालं दादा. आमी बस पकडून धावत येतो अन् घरी झोपलेल्याची हजेरी आमच्याएवढीच लागे. आता तरी कोणी बराबर मोजन."

अन् तिलेच मशीननं मोजलं नव्हतं.

मी तिले गेटवर नेलं. ती समोर उभी राहिली. बाई म्हणाली, "चेहरा ओळखता आला नाही."

"रोज अशीच उभी राहतं का?"

"नाही, सकाळी स्कार्फ असते न. मांगं लाइन असते, पोरी ढकलून राहतात. कोण सोडत बसन, अन् स्क्रीन तरी कोण पाहन?"

"मंग बांध."

तिनं दोन वेढे घेतले, मांगं गाठ मारली. फक्त डोळे दिसून राहिले. आपल्याकडे उन्हात पोरी अशाच निघतात, सख्खा भाऊ ओळखत नाही. ती पुन्हा समोर गेली. "धन्यवाद." स्क्रीनवर नाव आलं: ऋतुजा.

रुपालीनं स्क्रीन पाह्यली, मंग मले पाह्यलं. "हे कोण?"

मी ऑफिसात येऊन एनरोलमेंटचे फोटो उघडले. एनरोलमेंट म्हणजे मशीनले पयल्यांदा चेहरा दाखवून नाव लावणं. ते काम जुलैत गेटवर झालं होतं. पाऊस दडी मारून बसला होता, ऊन मे महिन्यासारखं. लाइन पार रोडपर्यंत. पोरी स्कार्फ सोडायले तयार नाही. मशीनमदी मास्क मोड असते, म्हणजे मशीन नुसत्या डोळ्यांवर काम भागवते. मी ते चालू केलं अन् लाइन फटाफट उरकली. सरांनी शाबासकीबी दिली होती.

ऋतुजाचा फोटो: स्कार्फ अन् टपोरे डोळे. रुपालीचा फोटो: तसाच स्कार्फ अन् उन्हानं गच्च मिटलेले डोळे. मिटले डोळे मशीन उघड्या डोळ्यांशी कसे जुळवन? उन्हानं रुपालीचे डोळे मिटले त्या थोड्याच दिवशी तिचं नाव लागलं, एरवी मशीननं जवळचे टपोरे डोळे पकडले. ऋतुजाची हजेरी पंच्याहत्तरच्या वर. अन् ऋतुजा दिवसभर स्पर्धा परीक्षेच्या क्लासले.

'तांत्रिक अडचण' असं लिहून मोकळं होता आलं असतं. माहं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपून राहिलं होतं. पण रुपाली खिडकीत उभीच होती. "दादा, फॉर्म राहिला तं घरचे म्हणतीन, वर्षभर कुठं जात होती?" हे मात्र माह्या ध्यानात आलं नव्हतं.

मी सरांच्या केबिनमदी गेलो.

"एनरोलमेंट कोणी केलं?"

"मी, सर."

"स्कार्फवर?"

"हो सर."

"किती मुलींचं?"

"बऱ्याच."

सर म्हणाले, "प्रॅक्टिकलला सही असते ना? केमिस्ट्रीचं रजिस्टर आणा."

'यंत्र कुणाचा मामा नसतं', हे त्यादिवशी सर नाही म्हणाले. चष्मा लावून रुपालीच्या सह्या त्याईनं स्वतः तपासल्या. एकही प्रॅक्टिकल बुडलं नव्हतं, सरांनी तिची हजेरी दुरुस्त करायले सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फॉर्म भरला गेला. तिनं पावतीवरचं नाव दोनदा वाचलं, अन् बसले उशीर होते म्हणून पळाली.

मंग ऋतुजा आली. "दादा, चांगली चालून राहिली होती मशीन. काहून हात लावला? क्लास सोडला तं नोकरी कॉलेज देईन का?" तिचंबी खोटं नव्हतं. पण मी तिचं नाव पुन्हा एनरोलमेंटच्या यादीत टाकलं.

मले मेमो भेटला. कंत्राट दर वेळी वर्षाचं वाढे, यंदा तीनच महिन्याचं वाढलं. सगळ्या पोरींचं एनरोलमेंट पुन्हा केलं, लायब्ररीत, पंख्याखाली, स्कार्फ सोडून. एका दिवसाचं काम चार दिवस चाललं. पोट्टे अजूनबी कँटीनमदी भांडून राहिले, मशीन पाहिजे का नाही. मले विचारतात. मी एवढंच सांगतो, पाहिजे तं ठेवा, नाहीतं काढा, पण नाव लावायची लाइन सावलीत लावा.