निऱ्या पुढं की मागं

त्या दिशी घरात हजर हुते ते असे. मी. माझं मालक (नाव घेत न्हाई, उखान्याबिगर तोंडातून निघतच न्हाई). थोरली लेक गोदा. तिला बघाया आलेला किसन, त्याची आई सुंदराबाई, त्याचा चुलता हवालदार. आन् आमची शेळी चंद्री. शेळीला मुद्दाम धरलंय. समदं तिनंच केलं.

बहात्तरचा दुष्काळ. आमी शेवगावकडचे, दोघं बी खडी फोडायला जायचो. माझी लुगडी दोन. एक खडीवर फाटून फाटून त्याची चुंबळ झाली, ऱ्हायलं एक. त्यात गावात विलायतेहून मदतीच्या जुन्या कापडांचं गठुडं आलं. कुनाला कोट घावला, कुनाला पायमोजं. मला घावला लाल-हिरव्या चौकड्यांचा, घोंगडीवानी जाड, निऱ्या निऱ्यांचा परकर. कमरंला चामड्याचे पट्टे. गुडघ्यापतुरच! मी म्हनलं, मडम लई बुटकी असंल.

आन् पावने आले. गोदीला नेसवायला धड लुगडं कुठलं? माझंच दिलं. मग मी काय नेसू? त्यो मडमेचा परकर! निऱ्या नीट पुढं घेतल्या, पट्टे आवळले, डोईवर टावेल टाकला आन् सैपाकाच्या कुडाआड बसले. मालकाला बजावलं, "इचारलं तर सांगा, कामाला गेलीय."

किसन कोऱ्या धोतरात, मान खाली. हवालदार मातर खाकी अर्ध्या चड्डीवर. (पलटनीतला मानूस, आयट असंल.)

सुंदराबाईनं इचारलंच, "मुलीची आई कुठं दिसंना?"

"खडीवर गेलीय," मालक म्हनले.

"लेकीला बघायच्या दिशी?"

"मुकादम लई कडक हाय."

"आज तर बाजारचा दिस. खाडा अस्तो की!"

हवालदारानं मिशी चोळली. "आई लपवत्यात म्हंजी कायतरी खोट हाय. आई दिसल्याबिगर सुपारी न्हाई."

आत माझी पंचाईत. बाहीर जावं तर गुडघे उघडे, न जावं तर पोरीचं सोयरपन मोडतंय. असं घर पुन्हा कवा चालून यायचं? मी इचार करतेय, तवर चंद्रीनं इचार केला. कुडाआडच मोकळं, उपाशी जनावर, चामड्याचा वास लागला, तिनं कमरंचा पट्टा चघळाया घेतला. मी हळूच चापट मारली. तिनं दुसरा धरला. ओरडता येईना! पट्टा सुटला तशी निऱ्यांचा घोळ तोंडात घेऊन ती निघाली बाहीर. शेळी पुढं, परकर मधी, आन् परकर दोन्ही हातानं धरून मी मागं. थेट पावन्यांच्या पुढ्यात!

गोदीनं डोळे झाकले. मालक आढं बघाया लागले.

हवालदार ताडकन उठला आन् त्यानं मला सलाम ठोकला.

"अवो, ह्यो स्काटलंडच्या पलटनीचा पोशाक हाय! जर्मनच्या लढाईत आमच्या शेजारीच तळ हुता त्यांचा. बाप्ये नेसत्यात हे!"

"बाप्ये?" मी म्हनलं. "इंग्रज?"

"न्हाई, इंग्रजाचे शेजारी. त्यांना इंग्रज म्हनलं की चिडत्यात. आन् विहीनबाई, तुमी उलटं नेसलंय. निऱ्या मागं असत्यात."

"मागं? मागं कोन बघतंय?"

मालक एकदम जागे झाले. "हवालदार, विहीनबाई म्हनलात! म्हंजी सुपारी फुटली म्हना की!"

हवालदार वैनीकडं बघाया लागला. सुंदराबाई गोदीकडं बघत हुती.

"पोरीच्या अंगावरचं लुगडं तुमचं हाय व्हय?"

"व्हय. घरात धड एकच हाय," मी म्हनलं. आता लपवायला ऱ्हायलं काय!

तिनं किसनकडं बोट केलं. मग म्हनली, "किसनच्या अंगावरचं धोतर बी भावजींचं हाय."

तवा हवालदाराच्या चड्डीचा उलगडा झाला. त्यानं गुडघ्यावर हात ठिवले. मी माझ्यावर ठिवले. किसन पहिल्यांदा हसला, आन् त्याला बघून गोदी बी.

सुपारी फुटली. गोदीला आता सुना आल्यात. मला मातर तिच्या सासरची मान्सं अजून 'पलटनवाली विहीन' म्हनत्यात, आन् लग्नाला गेले की पैल्यांदा माझ्या निऱ्या बघत्यात.

वाचनाऱ्याला एकच सांगनं. त्या स्काटलंडात कुनी वळखीचं असंल, तर ह्यो परकर धाडनाऱ्या गड्याला इचारा, आपलं नेसायचं आमाला धाडलंस, तवा तू सोता कुठं बसला हुतास? कुडाआड बसला असंल तर म्हनावं बाबा, आधी शेळी बांध.