कॅमेरा न झाकणारा एकटाच

परीक्षा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता आणि माझ्या स्क्रीनवरचे चौकोन एकामागून एक काळे होऊ लागले. नेट गेलं की चौकोन नाहीसा होतो, काळा होत नाही. म्हणजे पोरं कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावत होती. आणि तेही ठरवून.

लॉकडाऊनचे दिवस. इथे परदेशात युनिच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, परीक्षा घरून चालायच्या आणि मी गुंगालिन उपनगरातल्या माझ्या घरी हीटर पायाशी घेऊन पोरांवर पाळत ठेवायचो. याला प्रॉक्टरिंग म्हणतात. नजर फिरली, दुसरा आवाज आला, की सॉफ्टवेअर त्या नावापुढे लाल खूण लावतं. तो फ्लॅग. तो खरा की खोटा, हे मी बघायचं. संशय घेण्याचाच मला पगार होता, आणि ते काम मला छान जमायचं.

पेपर इतिहासाचा होता. राजाला सत्ता देव देत नाही, प्रजेची संमती देते, असं युरोपातल्या काही विचारवंतांनी मांडलं. त्या कल्पनेने अमेरिका, फ्रान्स, हैती कसं पेटवलं, हा विषय.

मी मॅनेजरला, ग्रेगला, फोन केला. “सगळे मिळून कॉपी करतायत. पेपर थांबवू?”

“हेलनला विचार, मेट. पेपर तिचा आहे.”

हेलन लेक्चरर. तिला आश्चर्य वाटलंच नाही, त्यामुळे मला तिचाही संशय आला.

“ते म्हणतायत, आमच्या बेडरूममध्ये डोकावायला आमची संमती कोणी घेतली?” ती म्हणाली.

“हे तूच भरवलंस ना त्यांच्या डोक्यात?”

“हो. सेमिस्टरभर. त्याचाच मला पगार मिळतो. लिहू दे त्यांना.”

आता एकच चेहरा दिसत होता. ओंकार, आडनावावरून मराठी. हा एकटाच का सामील नाही? मला खटकलं. तेवढ्यात त्याच्याच नावापुढे फ्लॅग आला: खोलीत दुसरी व्यक्ती.

मी माइक सुरू केला. “खोली दाखव.”

त्याने लॅपटॉप फिरवला. जमिनीवर गादी, त्यावर डोक्यावरून पांघरूण घेतलेलं कोणीतरी.

“उठव त्याला.”

“सर, तो वेअरहाउसच्या नाइट शिफ्टवरून आलाय. टार्निटला भाडं वाटून घेतलेल्या शेअर हाउसमध्ये राहतो आम्ही. दोघांत एकच रूम आहे.”

“उठव म्हटलं ना!”

पांघरुणातून एक चेहरा बाहेर आला. “भाई, एग्जाम तेरा है, नींद मेरी क्यों खराब कर रहा है?”

उत्तरं पुरवणारा माणूस इतका वैतागत नाही. तरी मी विचारलं, “तू कॅमेरा का नाही झाकलास?”

“बाकीच्यांना फार तर वॉर्निंग मिळेल, सर. मी या युनिटला, या एका विषयाला, फेल झालो तर स्टुडंट व्हिसा धोक्यात येईल. म्हटलं, गपचूप नियम पाळावेत.”

मी फ्लॅग खोटा ठरवला. ग्रेगने तो परत उघडला. “काळ्या चौकोनांत काही दिसलंच नाही, तर पुरावा कुठून आणू? याचा मात्र व्हिडिओ आहे. चौकशीच्या हिअरिंगला पाठव.”

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांत ज्याने नियम पाळला, तो एकटाच सापडला होता.

हिअरिंगला मी पूर्ण क्लिप दाखवली, त्या वैतागासकट. हेलनने ओंकारचं उत्तर वाचून दाखवलं. इंग्रजांच्याच शाळेत, त्यांच्याच पुस्तकांतून हक्कांची भाषा शिकून आपल्या लोकांनी ती त्यांच्यावरच कशी उलटवली, हे त्याने लिहिलं होतं.

“हे जर त्या झोपलेल्याने सांगितलं असेल,” ती म्हणाली, “तर त्यालाही अ‍ॅडमिशन द्या.”

ओंकार सुटला. माफी कोणी मागितली नाही. पुढच्या वेळी स्वतंत्र खोलीत बसावं, एवढी सूचना मात्र त्याला मिळाली.

चिकटपट्टीवाल्यांना काहीच झालं नाही. उलट पुढच्या सेमिस्टरपासून हेलनच्या पेपरचा कॅमेराच बंद झाला. अकाउंटिंगच्या मुलांवर मी अजून पाळत ठेवतो. त्यांना कोणी राज्यक्रांती शिकवलेली नाही.