नागपूरइतकंच लांब नैरोबी

धाकट्या बहिणीसाठी दोन स्थळं एकदमच आली. एक नागपूरचं, शाळामास्तरांच्या घरातलं. दुसरं नैरोबीचं, तिथल्या रेल्वेत कारकून असलेल्या आणि लग्नासाठी रजेवर आलेल्या मुलाचं. आईचं मन नागपूरकडे होतं. ती म्हणायची, "कल्याणला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी लेकीच्या दारात. आजारपण, बाळंतपण, केव्हाही जाता येतं." अण्णांना नैरोबी हवं होतं, पण आईपुढे त्यांची मात्रा चालेना. म्हणून त्यांनी मला पुढे केलं.

मला तेव्हा डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवायला लागून दोनच वर्षं झाली होती. अंगात मास्तरकी पुरती भिनली होती. नौपाड्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत नैरोबीची मंडळी समोर बसलेली असताना मी नकाशाचं पुस्तक उघडलं, मुंबईपासून नैरोबीपर्यंत दोरा धरला आणि पट्टीवर मोजून सांगितलं, पावणेतीन हजार मैल. वर अक्कल पाजळली, "पण हल्ली मैल मोजायचे नसतात, तास मोजायचे. विमान आज निघालं की उद्या नैरोबी. म्हणजे नागपूरइतकंच लांब." मंडळी खूष झाली. मुलगा तर दोनदा म्हणाला, "अगदी बरोबर." आपल्याच शिकलेल्या मुलाशी चारचौघांत वाद घालणं आईला जमलं नाही. बहीण आत पोहे परतत होती. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही.

विमानाच्या तिकिटाला काय पडतं, हे त्या खोलीत एकानेही विचारलं नाही. लग्नानंतर ती गेली ती बोटीनेच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आईने लिहिलं, तर जावयांचं पत्र आलं की अवघडलेल्या बाईला एवढी दगदग कशाला, नंतर निवांत येईल, विमानाने एका दिवसाचं तर काम. दुसऱ्या वेळीही तेच. आईने शिवून ठेवलेली दुपटी-टोपडी पुढे माझ्या मुलीला वापरली.

आठव्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. मी नैरोबीला तार केली. उलट तार आली, "प्रकृती कळवत राहा." मी कळवत राहिलो. आई दाराकडे तोंड करून निजायची आणि मला उगीचच तिचा राग यायचा. ती गेली तेव्हा बहीण नैरोबीतच होती.

बहीण आली ती पुढच्या वर्षी, दोन मुलं घेऊन, बोटीने. ती मला वाट्टेल ते बोलेल, अशी मी मनाची तयारी ठेवली होती. बोलली असती तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात भाजी चिरताना सहज सांगावं तशी म्हणाली, "दादा, मी रोज यांना विचारायचे, जाऊ का म्हणून. हे म्हणायचे, इतक्यात कशाला? अगदीच वेळ आली तर एका दिवसात पोचशील."

मग थोड्या वेळाने विचारलं, "आई किती दिवस होती रे अंथरुणावर?"

"बावीस," मी म्हणालो.

तिने विळीवरून मान वर केली नाही.

"बावीस दिवसांत मी बोटीनेसुद्धा आले असते."