आभारप्रदर्शनानंतरची धून

आमच्या शेजारचे आजोबा पंचाण्णवच्या पुढचे आहेत. गोरे अमेरिकन, एकटे, आणि या वयातही कान शाबूत. तरुणपणी ते सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. सारखा कुठल्या ना कुठल्या देशाचा पाहुणा वॉशिंग्टनला उतरायचा आणि हे कडक इस्त्रीच्या गणवेशात त्याच्या देशाचं गीत वाजवायचे. असेच एकदा नव्या स्वतंत्र भारताचे पाहुणे आले. आपलं राष्ट्रगीत तेव्हा कागदोपत्री ठरलंही नव्हतं. धून लिहिलेला कागद आदल्या दिवशी बँडच्या हातात पडला. ती कुणीच कधी ऐकलेली नव्हती. बँडमास्तर म्हणाले, "चुकलात तर एका नव्या देशाचा अपमान होईल."

त्यांनी वाजवलं. सलामी झाली, गाड्या निघून गेल्या. बरोबर वाजलं का, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आजोबांच्या मनात ते इतकी वर्षं राहिलं.

मी फोनवर राष्ट्रगीत लावून दाखवलं. "हे भरभर आहे, आमचं संथ होतं," म्हणाले, आणि क्लॅरिनेट काढून वाजवूनच दाखवलं. आवाज फाटका, मध्ये दम घेण्यासाठी थांबणं, पण सूर न सूर आपला. मी त्यांच्या ओट्यावर ताठ उभा राहिलो. त्यांना पटलं नाही. "तू शेजारी आहेस, तू उभा राहणारच. तुझ्या लोकांसमोर वाजवतो. आधी कुणाला सांगू नकोस. सांगून उभे राहिले तर मला काय कळणार?"

मी छाती फुगवून म्हणालो, "पहिल्या ओळीला सगळा हॉल उभा राहील. शाळेपासून अंगात मुरलंय आमच्या." ही फुशारकी आठवली की अजून कान गरम होतात.

पंधरा ऑगस्टला आमच्या या ईडन प्रेरी गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. सकाळी झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत स्पीकरवर लावून झालं. मग भाषणं. घरं विकणाऱ्या प्रायोजकाचं तर संपेचना. आजोबांना शाल-नारळ दिला. तो नारळ ते पूर्ण वेळ मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. त्यांची धून मी शेवटी ठेवली होती. आमच्या शाळेत आभारप्रदर्शन आणि मग राष्ट्रगीत अशीच पद्धत होती, म्हटलं तसाच मान राहील. माझी अक्कल चरायला गेली ती इथे. इतकी वर्षं मंडळात काढून मला ठाऊक असायला हवं होतं की आमच्याकडे आभार झाले की कार्यक्रम संपतो आणि पोट सुरू होतं.

आमच्या खजिनदारांनी सगळ्यांचे आभार मानले आणि वर जोडलं, "वडे गरम आहेत, लाइन करा प्लीज."

त्याच क्षणी आजोबांनी पहिला सूर लावला. सगळा हॉल उठून उभा राहिला. आजोबांचे डोळे असे चमकले की मला भरून आलं. आणि मग सगळे टेबलांकडे वळले.

खुर्च्या सरकल्या, प्लेटा वाजल्या. कुणी ओळखलंच नाही म्हणावं, तर तीही सोय नाही. पुढच्या रांगेतल्या एक काकू थबकल्या, इकडेतिकडे पाहिलं, कुणीच थांबत नाही म्हटल्यावर पदर सावरून निघाल्या. मी आजोबांच्या शेजारी सावधान उभा होतो आणि माईक माझ्या हातात होता. एक शब्द पुरला असता. पण त्यांना शब्द दिला होता ना, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आपल्याच माणसांना चारचौघांत खडसवायला मी लाजलो. आजोबा शेवटच्या सुरापर्यंत थांबले नाहीत. टेबलांपुढच्या रांगेकडे बघत त्यांनी वाजवून पूर्ण केलं.

नंतर मी खजिनदारांना गाठलं. "अरे यार, सकाळी झालंय ना एकदा?" ते म्हणाले. "मला वाटलं प्रॅक्टिस करतायत काका. तू अनाउन्स का नाही केलंस?" आणि माझ्या हातात प्लेट दिली. मी ती घेतलीसुद्धा.

गाडीत आजोबा शाल अंगावर तशीच ठेवून बसले होते. घराच्या वळणावर म्हणाले, "म्हणजे आम्ही तेव्हा चुकीचंच वाजवलं होतं."

"नाही, नाही! सगळं बरोबर होतं. चूक आमची झाली, लोकांना भूक लागली होती."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "तुम्ही लोक फार सभ्य," म्हणाले. "त्या दिवशीचे पाहुणेही असेच. आम्ही इतकं चुकलो, तरी बिचारे शेवटपर्यंत उभे राहिले."