केळीच्या खोडाचे मासे

बाबा गेल्यापासून आई एकाच कामासाठी घराबाहेर पडत असे. सकाळी कणीक भिजवायची, तिच्या बोराएवढ्या गोळ्या करायच्या, स्टीलच्या डब्यात भरायच्या आणि ताप्तीवर जाऊन माशांना घालायच्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं वर्षश्राद्धापर्यंत असा घास देतात. बरेच जण फक्त अमावस्येला देतात. आई रोज द्यायची.

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी मी तिच्याबरोबर जात असे. ती पाण्याजवळच्या पायरीवर बसे आणि मी चार पायऱ्या वर पुस्तक उघडून बसे. मासे तिची वाट बघत असल्यासारखे गोळा होत, तोंडं वर काढत. ती त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायची. शब्द माझ्यापर्यंत पोचत नसत, आणि ते माझ्यासाठी नाहीत हे मला कळत होतं.

उरलेला दिवस ती बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर काढायची. ताटातला भात चिवडायची आणि पोट भरलं म्हणायची. पण नदीवरून आल्यावर तासभर ती पहिल्यासारखी असे. भाजीवाल्याशी भांडे, माझ्या वेणीला नावं ठेवी. त्या एका तासावर आमचं घर चाललं होतं.

फाल्गुनात मावशीनं जळगावहून मोबाईलवर एक क्लिप पाठवली. घाटाच्या पायऱ्या, गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक बाई, पाण्यातून सरसर येणारे मोठे मासे, मग किंकाळी आणि लाल झालेलं पाणी. खाली मावशीनं लिहिलं होतं, ‘ताप्तीत माणसं खाणारे मासे आलेत. ताई, घाटावर जाऊ नको.’

आईनं ती क्लिप पुन्हा पुन्हा पाहिली. कणकेची परात समोर तशीच होती.

"आपलाच घाट आहे," ती म्हणाली.

"आई, खोटं असतं हे सगळं. असले मासे नाहीत ताप्तीत."

"नव्हते."

मग परातीवर ताट झाकत ती म्हणाली, "त्यांच्या अस्थी आपण तिथंच सोडल्या. वर रोज जाऊन खाऊ घातलं. माणसाची चव आपणच लावली त्यांना."

मी तिला समजावून पाहिलं. मासे काय खातात ते सांगितलं, एक पुस्तकही आणून दाखवलं. तिनं चित्रं पाहिली आणि पुस्तक मिटून मला परत दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं कणीक भिजवली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तो सकाळचा तासही आता खुर्चीसमोर जाऊ लागला. जेवण अजून कमी झालं. ही आता अशीच बसून राहील की काय, या विचारानं मला घेरलं.

क्लिप मीही नीट, थांबवून थांबवून पाहिली. एका चित्रात माशाचा जबडा अगदी जवळून दिसत होता. त्याचे दात मक्याचे दाणे होते.

बुरहानपुरात असा उद्योग करणारा माणूस मला एकच माहीत होता. लग्नांची शूटिंग करणारा फोटो स्टुडिओवाला, बाबांचा जुना विद्यार्थी. मी शाळेत असताना त्यानं आणि त्याच्या मित्रांनी लग्नाच्याच कॅमेऱ्यावर माणसं खाणाऱ्या माशांचा पिक्चर काढला होता आणि दिवाळीत तो गावातल्या केबलवर दाखवला होता. त्यातले मासे थर्माकोलचे होते. बाबांनाही त्यात काम होतं: मासे येताना पाहून घाटावरून पळत सुटायचं. बाबा पळाले, आणि अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं की नव्या चपला खालच्या पायरीवर राहिल्यात. ते वळले, माशांच्या दिशेनं धावत गेले, चपला उचलल्या आणि मग पुन्हा पळाले. दुसऱ्यांदा शूटिंग करायला सूर्य उरला नव्हता, म्हणून तेच ठेवलं. पुढे कित्येक वर्षं बाजारात कोणीतरी हाक मारायचं, "सर, मासे येऊ राहिले, चपला घ्या." बाबाही थांबून चपलांकडे बघायचे.

मी त्याला फोन केला.

"ताई, काय सांगू," तो म्हणाला. "तोच पिक्चर आहे. सरांनी काम केलेला. नवीन बनवू राहिलो. मी क्लिप स्टेटसला टाकली, तर लोकांनी खालचं पिक्चरचं नाव काटून पुढे पाठवली. सुबह से मासेवाले माझ्या दुकानासमोर बसलेत. म्हणतात, गिऱ्हाईक तुटलं, आता तूच घे मासे. मी तर शाकाहारी."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते जुने मासे खोटे दिसत होते. हे तसे दिसत नाहीत."

"मग चल. उद्या शूटिंग आहे. आपण डोळ्यांनी बघू."

"वरूनच बघीन," ती म्हणाली. "पाण्याशी येणार नाही."

सकाळी ती अंघोळीला गेलेली असताना मी कणीक भिजवली. गोळ्या लहानमोठ्या झाल्या. डबा पर्समध्ये लपवला आणि आम्ही रिक्षानं घाटावर गेलो.

खाली पाच-सहा माणसं होती. चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा धरून एक जण उन्हात उभा होता. क्लिपमधली खाल्ली गेलेली बाई हाताला लाल रंग लावून पोहे खात होती. ओल्या पोत्यांखाली मासे झाकून ठेवले होते. फोपनारच्या एका शेतातून घड उतरवल्यावरची केळीची खोडं आणून त्यांनी ती कोरली होती. वरून राख कालवलेला चिखल चोपडला होता, डोळ्यांना रिठ्याच्या बिया होत्या. हे मला जवळ जाऊन कळलं. आई सगळ्यात वरच्या पायरीवर थांबली होती आणि तिथून तिला फक्त पाण्यात सोडलेल्या काळसर पाठी दिसत होत्या. मी परत तिच्यापाशी जाऊन बसले. तिनं माझं मनगट धरलं.

पोहे संपवून ती बाई पाण्यात उतरली. पलीकडून दोरी ओढली गेली आणि मासे एका रांगेत तिच्याकडे निघाले. मी केळीची खोडं पाहून आले होते, तरी मीही पाय जवळ ओढून घेतले. आईची पकड इतकी घट्ट झाली की बांगडी रुतली.

बाई किंचाळणार, तेवढ्यात शेजारच्या उतारावरून म्हशी पाण्यात आल्या. त्यांची ती रोजचीच वेळ. पुढच्या म्हशीनं मान खाली घातली, सगळ्यात मोठा मासा तोंडात धरला आणि कराकरा चावू लागली.

"कट, कट! अरे, किसकी म्हैस आहे ही?" स्टुडिओवाला ओरडला.

म्हशींचा मालक काठी टेकून आरामात उभा होता. "माझी. काय झालं?"

"ती हटव ना यार. माझा मेन मासा आहे तो."

"तुम्हीच पाण्यात चारा सोडला. तिला कसं कळणार?"

"अरे, आदमखोर मासा आहे!"

"असेल," मालक म्हणाला. "पण कवळा आहे."

दुसऱ्या म्हशीनं रांगेतला पुढचा मासा घेतला. दोरी तिच्या शिंगात अडकली आणि उरलेले मासे, दात विचकत, उलट्या दिशेनं तिच्या मागे निघाले.

शेजारून आवाज आला. मला वाटलं आईला खोकला आला. मी पाहिलं तर ती पदर तोंडाला लावून हसत होती. बाबांना दवाखान्यात नेलं त्याच्या आधीपासून मी तो आवाज ऐकला नव्हता. माझं मनगट मोकळं झालं होतं.

"हे खाणार होते माणसांना?" ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या उतरू लागली. मी मागोमाग गेले.

खाली किनाऱ्याला लागलेला अर्धा मासा तिनं उचलला. बोटानं दात चाचपले. एक दाणा निघून तिच्या हातात आला.

स्टुडिओवाल्यानं वाकून नमस्कार केला. "काकू, माफ करा. तुम्ही घाबरल्या असं ताई म्हणाल्या."

"मी स्वतःसाठी नव्हते घाबरले," आई म्हणाली. "मला वाटलं, आमच्यामुळे त्यांना माणसाची चव लागली."

तो म्हणाला, "माझ्या आईच्या अस्थी पण इथंच सोडल्या, काकू. अर्ध्या गावाच्या इथंच सोडल्यात. मासे तेच आहेत. कणीक खाणारे."

आईनं मान डोलावली. पाण्यातल्या बाईकडे पाहून म्हणाली, "साडी कोणाची आहे? केळीचा चीक लागलाय. जन्मात जाणार नाही तो डाग."

"नणंदेची," ती बाई हळूच म्हणाली, आणि सगळ्या घाटावर तेवढाच एक चेहरा घाबरलेला उरला.

आई तिच्या नेहमीच्या पायरीवर जाऊन बसली. माझ्याकडे न बघता तिनं हात मागे केला. "आण तो डबा. पर्स छातीशी धरून बसली होतीस, तेव्हाच कळलं मला."

झाकण काढून तिनं आत पाहिलं. "एवढाल्या गोळ्या? घशात अडकतील त्यांच्या." एकेक गोळी तोडून ती पाण्यात टाकू लागली. आधी पाणी नुसतंच हललं. मग मासे आले, तोंडं वर काढून, एकमेकांना ढकलत.

मला एकदम भूक लागली. पोहे उरले असतील का, असा विचार करत मी वर त्यांच्या सामानाकडे निघाले.

"काकू," स्टुडिओवाला मागून दबक्या आवाजात विचारत होता, "हे शूट करू का? खरे मासे पाहिजेच होते मला."

"कर की. मला काय करावं लागेल?"

"काही नाही. शेवटी फक्त उठून पळायचं. सरांसारखं."

"छे. मी बसूनच राहणार." जरा थांबून तिनं मला हाक मारली. "अगं, माझ्या चपला तेवढ्या वर नेऊन ठेव."

मी चपला घ्यायला खाली आले. ती घास देत असताना तिच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. ती पाण्यावर वाकून नेहमीसारखी बोलत होती आणि आज शब्द ऐकू आले.

"अहो," ती सांगत होती, "आज एका म्हशीनं कमाल केली."